कुंपणातला युनिकॉर्न आणि त्याच्या भोवतीची फुलं: पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र कसं वाचायचं

न्यूयॉर्क शहरात, मॅनहटनच्या उत्तर टोकाला हडसन नदीकाठच्या टेकडीवर मेट्रोपॉलिटन म्युझियमची 'क्लॉइस्टर्स' ही शाखा आहे. तिथे एक विणलेला पडदा टांगलेला आहे, 368 सेंटिमीटर उंच आणि 251.5 सेंटिमीटर रुंद. गर्द हिरव्या जमिनीवर फुलंच फुलं. मधोमध लाकडाचं गोल, बुटकं कुंपण. त्यात एक झाड, झाडाला डाळिंबं, आणि झाडाखाली बसलेला पांढराशुभ्र युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला कल्पित प्राणी. गळ्यात पट्टा, पट्ट्यातून झाडापर्यंत सोनेरी साखळी, अंगावर लाल ओघळ.

हा पडदा साधारण 1495 ते 1505 या काळातला. चित्र बहुधा पॅरिसमध्ये रेखाटलं गेलं आणि विणकाम दक्षिण नेदरलँड्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात झालं. युनिकॉर्नच्या शिकारीचे असे एकूण सात पडदे आज क्लॉइस्टर्समध्ये आहेत. हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, आणि सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणाराही हाच.

चुकीचा वाचला जाण्याचं कारण सोपं आहे. प्रतीकं वाचायची म्हटलं की बहुतेक जण यादी शोधतात: लिली म्हणजे पावित्र्य, डाळिंब म्हणजे संतती, काटे म्हणजे वेदना. मग चित्रातली एकेक वस्तू घ्यायची, यादीतला अर्थ तिच्यापुढे मांडायचा आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करायची. पण एकटं फूल काहीच सांगत नाही. ते कोणाच्या शेजारी आहे, प्राण्याला टेकलंय की दूर आहे, कोणत्या काळात आणि कोणाच्या घरासाठी काढलंय, यातून त्याला अर्थ येतो. हे चित्र घेऊन तो अर्थ टप्प्याटप्प्याने कसा काढायचा ते पाहू. हीच पद्धत फुलांमधल्या कुठल्याही प्राण्याच्या चित्राला लावता येते.

आधी पंचनामा, मग अर्थ

या पडद्याचं मोठं, स्पष्ट छायाचित्र म्युझियमच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. 2017 पासून म्युझियमने स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं सगळ्यांना खुली केली आहेत. ते उतरवून घ्या आणि त्यावर तीन उभे, चार आडवे असे बारा चौकोन आखा. एका वेळी एकच चौकोन मोठा करून पाहा.

प्रत्येक वस्तूसाठी पाच गोष्टी लिहा. काय दिसतं. कशाला टेकलेलं किंवा कशावर आलेलं आहे. शेजारच्यांच्या मानाने लहान की मोठं. कळी, फूल, फळ यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे. तीच वस्तू चित्रात आणखी कुठे आहे. या टप्प्यावर अर्थ लिहायचा नाही. मोह होतो, पण थांबायचं.

हे का, ते अंगावरच्या लाल ओघळांवरून कळेल. वहीत 'रक्त' असं लिहिलंत की पुढचं सगळं वाचन रक्ताभोवती फिरतं: जखमी प्राणी, बलिदान, कैद. 'लाल ओघळ' एवढंच लिहिलंत तर पुढचे प्रश्न विचारता येतात. ओघळ कुठून सुरू होतात? जखम दिसते का? वर काय आहे? मालिकेतल्या दुसऱ्या पडद्यांत भाल्यांनी झालेल्या जखमा स्पष्ट दाखवल्या आहेत. इथे तशी एकही जखम नाही, आणि वर उकललेली, दाणे दिसणारी डाळिंबं लटकताहेत. म्युझियमच्या अभ्यासकांच्या मतेही हे रक्त नसून वरून ठिबकलेला डाळिंबाचा रस आहे. एका शब्दाने कैद्याचं चित्र सुखी प्राण्याचं होतं.

साखळी आणि कुंपण यांचंही तसंच. 'कैद' हा निष्कर्ष आहे, निरीक्षण नव्हे. निरीक्षण असं: साखळी घट्ट जखडलेली नाही, आणि कुंपण इतकं बुटकं आहे की असा प्राणी ते सहज ओलांडेल. तरी तो बसून आहे.

नावाचाही परिणाम होतो. हा पडदा बरीच वर्षं 'कैदेतला युनिकॉर्न' म्हणून ओळखला गेला. आता म्युझियम त्याला 'बागेत विसावलेला युनिकॉर्न' म्हणतं. दोन्ही नावं नंतरच्या लोकांनी दिलेली आहेत, पडद्यावर नाव विणलेलं नाही. म्हणून चित्राचं शीर्षक शेवटी वाचावं.

हे चित्र धाग्यांचं आहे

माध्यम समजून न घेता प्रतीकं वाचली की हमखास फसगत होते. हा पडदा टॅपेस्ट्री पद्धतीने विणलेला आहे: ताणा, म्हणजे उभे धागे, लोकरीचा; बाणा, म्हणजे आडवे धागे, लोकर, रेशीम, चांदी आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेचा. चित्रातल्या प्रत्येक रंगाच्या जागेपुरताच त्या रंगाचा बाणा मागेपुढे फिरतो, कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. पैठणीचा पदर ज्या तत्त्वावर विणतात तेच हे तत्त्व, त्यामुळे येवल्याचा माग पाहिलेल्या माणसाला ते लगेच कळेल.

अशा विणकामासाठी आधी पूर्ण मापाचं चित्र काढलं जाई. नेदरलँड्समधल्या बहुतेक कारखान्यांत ते आडव्या मागाच्या ताण्याखाली ठेवत आणि विणकर पडद्याच्या मागच्या बाजूने काम करी. परिणामी तयार पडदा मूळ चित्राच्या उलट, आरशात दिसावा तसा येतो. म्हणून 'उजवीकडे पुण्य, डावीकडे पाप' अशी दिशांवरची मांडणी टॅपेस्ट्रीत करायची असेल तर फार जपून करावी.

रंगांचं प्रकरण आणखी महत्त्वाचं. इथे मुख्यतः तीन वनस्पतींचे रंग आहेत. पिवळा वेल्ड नावाच्या झुडपाचा. लाल मॅडरच्या मुळांचा; ही आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. निळा वोडच्या पानांचा, ज्यात आपल्या निळीतलंच रंगद्रव्य असतं. हिरवा रंग निळा आणि पिवळा एकावर एक चढवून होतो. यात पिवळा उजेडाने सगळ्यात आधी उडतो. त्यामुळे जुन्या टॅपेस्ट्रीतली पानं निळसर दिसू लागतात, आणि 'इथे पानं निळी का, हे स्वर्गाचं चिन्ह असेल का' असे लेख लिहिले जातात. ते वेल्ड उडाल्याचं चिन्ह असतं. 1998 मध्ये हे पडदे भिंतीवरून उतरवून, मागचं अस्तर काढून, धुऊन त्यांची छायाचित्रं घेतली गेली, तेव्हा उजेडापासून झाकलेल्या मागच्या बाजूचे रंग समोरच्यापेक्षा ताजे निघाले. रंगावर अर्थ उभारायचा असेल तर मागच्या बाजूची छायाचित्रं उपलब्ध आहेत का ते आधी बघावं.

शिवाय या पडद्यांचे हालही झाले आहेत. 1680 मध्ये ते पॅरिसला ला रोशफुको या फ्रेंच सरदार घराण्याच्या वाड्यात असल्याची नोंद आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत घराण्याच्या व्हेर्तॉय इथल्या गढीतून ते लुटले गेले आणि काही काळ शेतमाल झाकायला वापरले गेले. 1850 च्या दशकात घराण्याला ते परत मिळाले. 1922 मध्ये जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी ते विकत घेतले आणि 1937 मध्ये म्युझियमला दिले. मालिकेतल्या एका पडद्याचे तर दोन तुकडेच उरले आहेत. एखाद्या कोपऱ्यातली वस्तू 'मुद्दाम अर्धवट' दाखवली आहे असं म्हणण्याआधी तो कोपरा मूळचा आहे की नंतर रफू केलेला, हे तपासायलाच हवं.

झाड ओळखायचं ते पानावरून

1941 मध्ये न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी, ई. जे. अलेक्झांडर आणि कॅरल वुडवर्ड यांनी, या सात पडद्यांतल्या वनस्पती मोजल्या. एकूण 101 प्रकार निघाले आणि त्यातले 85 ओळखता आले. पाचशे वर्षांपूर्वीच्या विणकामासाठी हे प्रमाण थक्क करणारं आहे, आणि चित्रकाराने खरी झाडं पाहिली होती याचा तो भक्कम पुरावा आहे.

ओळखताना नवशिके फुलाच्या रंगापासून सुरुवात करतात. रंग उडतो, विणकर बदलतो. त्यापेक्षा पानाचा आकार, पानं खोडावर कशी लागली आहेत, फुलं एकेकटी आहेत की तुऱ्यात, या क्रमाने जावं. शेवटी रंग. एखादं झाड ओळखता आलं नाही तर ते 'अनोळखी' म्हणून सोडावं. ओढूनताणून लिली केली की त्यावर उभा केलेला अर्थही कोसळतो.

ओळख पटली की प्रत्येकाचा बहराचा महिना समोर लिहा. उत्तर युरोपात व्हायोलेट मार्च-एप्रिलात फुलतं, जांभळं ऑर्किड एप्रिल-मेमध्ये, पांढरी लिली जूनच्या सुमारास, कार्नेशन भर उन्हाळ्यात, आणि डाळिंब पिकतं शरदात. पडद्यावर हे सगळं एकाच वेळी आहे. म्हणजे ही कोणा सरदाराच्या वाड्यामागची बाग नव्हे. इथे ऋतू थांबलेले आहेत. मध्ययुगीन प्रेक्षकाला ही स्वर्गासारखी, कधी न कोमेजणारी बाग म्हणून कळत होती.

डाळिंबाचं झाड तर मुळात डाळिंबाचं नाहीच. सांगोला-पंढरपूरकडच्या बागा पाहिलेल्यांना हे सांगावंही लागणार नाही: डाळिंब हे बुंध्यापासून फुटणारं, बारीक चकचकीत पानांचं झुडूप, आणि इथे सरळ खोडाचा एक कल्पित वृक्ष आहे. फळं मात्र अगदी बरोबर आहेत, टोकावरच्या मुकुटासकट. कारण साधं आहे. त्या थंड प्रदेशात डाळिंबाची फळं दक्षिणेकडून येत, झाड फारसं कोणी पाहिलेलं नसे. एकीकडे गवतातली रानफुलं इतकी अचूक आणि दुसरीकडे मधलंच झाड काल्पनिक, या विसंगतीतून एक नेमकी गोष्ट कळते: इथे झाड हवं होतं ते फळासाठी. फळ चित्रात मुद्दाम आणलेलं आहे. आणि फळ तडकलेलं दाखवलं आहे, हेही मुद्दाम.

सगळीच फुलं बोलत नाहीत

फुलांनी भरलेल्या अशा पार्श्वभूमीला फ्रेंचमध्ये 'मीलफ्लर', म्हणजे हजार फुलं, म्हणतात. त्या काळी ही लोकप्रिय नक्षी होती. कारखान्यांकडे फुलझाडांचे तयार नमुने असत. तेच नमुने उलटसुलट करून वेगवेगळ्या पडद्यांत भरले जात. म्हणून प्रत्येक फुलामागे गुपित शोधणं चूक, आणि 'ही नुसती सजावट आहे' म्हणून सगळं सोडून देणंही चूक.

बोलणारं फूल ओळखायला चार कसोट्या उपयोगी पडतात. ते प्राण्याच्या अंगावर किंवा मध्यरेषेवर आलंय का? शेजारच्या झाडांपेक्षा मोठं आहे का? त्याच्या तपशिलावर जास्त मेहनत दिसते का? आणि ते एकदाच आलंय की नमुन्यासारखं ठिकठिकाणी? पहिल्या तीन प्रश्नांना 'हो' आणि चौथ्याला 'एकदाच' असं उत्तर आलं तर त्या फुलाकडे लक्ष द्यायचं.

या कसोटीवर सगळ्यात पुढे येतं ते जांभळं ऑर्किड. युनिकॉर्नच्या पांढऱ्या अंगासमोर ते उभं आहे. गर्द हिरव्यावर जांभळं फूल हरवलं असतं. पांढऱ्यावर ते दुरूनही दिसतं. विणकामात अशी जागा चुकून मिळत नाही. या ऑर्किडला जमिनीखाली दोन कंद असतात, एक भरदार आणि एक सुरकुतलेला. त्यांच्या आकारामुळे ग्रीकांपासूनच ते पुरुषाच्या प्रजननशक्तीशी जोडलं गेलं. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीझ याने लोकांची समजूत नोंदवली आहे: मोठा कंद पुरुषाने खाल्ला तर मुलगा, लहान कंद स्त्रीने खाल्ला तर मुलगी. त्याचा ग्रंथ मध्ययुगभर वैद्यांच्या हाती होता. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात पौष्टिक म्हणून मिळणारी सालममिश्री हीसुद्धा ऑर्किडचेच कंद, आणि तिची ख्यातीही तीच. या एका फुलाचा अर्थ मराठी वाचकाला परका वाटू नये.

ऑर्किडच्या जोडीला बिस्टॉर्ट नावाचं गुलाबी तुऱ्याचं झाड आणि काटेरी थिसल आहे. मध्ययुगात ही दोन्ही गर्भधारणेला मदत करणारी मानली जात. खाली उजव्या बाजूला, व्हायोलेटच्या झुडपात, एक छोटा बेडूक बसला आहे. पहिल्यांदा पाहताना तो हमखास सुटतो. त्या काळच्या लेखकांनी बेडकाची आठवण काढली ती त्याच्या मिलनकाळातल्या गोंगाटासाठी.

बेडकावरून एक इशारा द्यायला हवा. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात अशुद्ध आत्मे बेडकांच्या रूपात येतात, आणि इजिप्तवरच्या संकटांतही बेडूक आहेत. यादी उघडून बसणारा वाचक इथे 'सैतान' लिहून मोकळा होईल. पण या बेडकाभोवती भीती, अंधार, उपद्रव यांतलं काहीच नाही. तो फुलांत बसलाय, आणि त्याच चित्रात संततीशी जोडलेल्या तीन-चार वनस्पती आहेत. शेजारी कोण, यावरून कोणता अर्थ उचलायचा ते ठरतं.

लिली, कार्नेशन, थिसल ही मंडळी धर्म आणि विवाह अशा दोन्हीकडची आहेत. पांढरी लिली येशूची आई मरियम हिच्या पावित्र्याची खूण, आणि वधूच्याही. कार्नेशन पंधराव्या शतकातल्या नेदरलँड्स आणि जर्मनीच्या व्यक्तिचित्रांत वाङ्निश्चयाची खूण म्हणून हातात धरलेलं दिसतं. पण त्याला लवंगेचा वास येतो आणि लवंग दिसते खिळ्यासारखी, म्हणून ते क्रुसाच्या खिळ्यांचंही स्मरण करून देतं. थिसलचे काटे येशूच्या यातनांकडे नेतात. पानांवरच्या पांढऱ्या शिरा मरियमच्या दुधाचे थेंब मानल्या जात. आणि औषध म्हणून त्याचा उपयोग वर आलाच आहे. एका झाडाचे तीन अर्थ, आणि तिन्ही त्या काळात खरोखर प्रचलित.

युनिकॉर्न आला कुठून

युरोपला या प्राण्याची पहिली बातमी भारताच्या नावावर मिळाली. इ.स.पूर्व 400 च्या सुमारास इराणी दरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने लिहिलं की भारतात घोड्याएवढे रानगाढव असतात, अंग पांढरं, डोकं तांबडं, कपाळावर दीड हात लांब शिंग. त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही. तो स्वतः भारतात आलेला नव्हता. गेंड्याच्या ऐकीव वर्णनाचा यात मोठा वाटा असावा.

पुढे ख्रिस्ती लेखकांच्या प्राणिकथांत त्याला नवा स्वभाव मिळाला. तो कोणाला सापडत नाही, पण कुमारिकेपाशी येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवतो आणि मग पकडला जातो. धर्मोपदेशकांनी याचा अर्थ लावला की युनिकॉर्न म्हणजे ख्रिस्त, कुमारिका म्हणजे मरियम. दरबारी कवींनी तीच गोष्ट उचलून युनिकॉर्नला प्रियकर केलं, प्रेमात सापडलेला. ऋष्यशृंगाची कथा माहीत असलेल्यांना इथे ओळखीचं काही जाणवेल: कपाळावर शिंग, स्त्री कधी न पाहिलेला वनवासी, आणि एका स्त्रीमुळे त्याचं नगरात येणं. या साम्यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. कथा भारतातून पश्चिमेकडे नेमकी कशी गेली, किंवा गेली का, हे मात्र साम्यावरून सिद्ध होत नाही.

पडद्यावरचा युनिकॉर्न नीट पाहा. शरीर घोड्यासारखं, पण खूर दुभंगलेले आणि हनुवटीला बोकडाची दाढी. शिंग पीळदार. हे शिंग उत्तरेकडच्या समुद्रातल्या नारव्हाल या देवमाशाच्या सुळ्यावरून घेतलं आहे. असे सुळे युरोपात युनिकॉर्नचं शिंग म्हणून प्रचंड किमतीला विकले जात. 1638 मध्ये कोपनहेगनचे वैद्य ओले वर्म यांनी ते नारव्हालचे असल्याचं दाखवून दिलं. म्हणजे हा पडदा विणणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या दृष्टीने युनिकॉर्न हा परीकथेतला प्राणी नव्हता. दूरच्या देशात राहणारा, शिंगाचा पुरावा मागे ठेवणारा खरा प्राणी होता. आजच्या बालपुस्तकांतला इंद्रधनुषी युनिकॉर्न डोक्यातून काढल्याशिवाय हे चित्र दिसणार नाही.

ख्रिस्त की नवरदेव?

आता दोन वाचनं समोरासमोर ठेवता येतात. पहिलं: युनिकॉर्न हा पुन्हा उठलेला ख्रिस्त. मालिकेतल्या एका पडद्यात त्याला मारून वाड्यावर आणताना दाखवलं आहे, गळ्यात काटेरी वेढा आहे. इथे तो पुन्हा जिवंत. कुंपण म्हणजे मरियमची बंद बाग, लिली तिची, डाळिंब पुनरुत्थानाचं. दुसरं: युनिकॉर्न हा आनंदाने बांधून घेतलेला प्रियकर किंवा नवरा. सोनेरी साखळी प्रेमाची, डाळिंब संततीचं, बाग संसाराची.

निवड करताना एक कसोटी फार उपयोगी आहे: ओढाताण न करता जास्तीत जास्त तपशिलांना काम कोणतं वाचन देतं? पहिल्या वाचनात ऑर्किड, बिस्टॉर्ट आणि बेडूक यांना जागा सापडत नाही, आणि तेही ऑर्किड चित्रातल्या सगळ्यात ठळक जागी असताना. दुसऱ्या वाचनात लिली, कार्नेशन, डाळिंब, सैल साखळी, रस, बेडूक सगळेच बसतात. शिवाय 'मेला आणि पुन्हा उठला' हा क्रम हा पडदा शिकारीच्या गोष्टीचा शेवट आहे यावर अवलंबून आहे, आणि तेच पक्कं नाही. शिकारीचे प्रसंग प्रामुख्याने खऱ्यासारख्या रानात, नदीकाठी, वाड्यासमोर घडतात. इथे सपाट फुलांची जमीन आहे. तो स्वतंत्र चित्र म्हणूनही तयार झालेला असू शकतो. म्हणून आमचा कौल ठामपणे विवाहाच्या वाचनाकडे आहे.

पण त्यामुळे पहिलं वाचन खोटं ठरत नाही. मराठी बायबलमध्ये 'गीतरत्न' नावाने असलेल्या प्रेमकाव्याच्या चौथ्या अध्यायात वधूला कुलूपबंद बाग म्हटलं आहे, आणि पुढच्याच ओळीत त्या बागेत डाळिंबं आहेत. चर्चने हीच वधू मरियमही मानली. त्या काळच्या माणसाला एका बागेत भक्ती आणि संसार दोन्ही दिसणं अगदी स्वाभाविक होतं. 'मुख्य अर्थ विवाहाचा, त्यामागे धार्मिक अर्थाची सावली' असं लिहिणं पुराव्याला धरून आहे.

यात एक तिसरा घटक घुसतो, तो मालकाचा. झाडाला दोरीने बांधलेली 'ए' आणि उलटं 'ई' अशी दोन अक्षरं लटकताहेत, आणि ती सगळ्या पडद्यांत आहेत. अक्षरांची अशी जोडी लग्नाच्या वस्तूंवर असे, हा विवाहाच्या बाजूचा आणखी एक पुरावा. 1942 मध्ये क्लॉइस्टर्सचे अभिरक्षक जेम्स रोरिमर यांनी मांडलं की ही फ्रान्सची राणी ॲन ऑफ ब्रिटनी हिच्या नावाची पहिली आणि शेवटची अक्षरं असून पडदे 1499 मधल्या बाराव्या लुईशी झालेल्या तिच्या विवाहासाठी आहेत. कल्पना आकर्षक होती, बरीच वर्षं पुस्तकांत फिरली. पण ॲनची पक्की चिन्हं म्हणजे अर्मिन हा पांढऱ्या कातडीचा प्राणी आणि गाठींची दोरी. तिच्या वस्तूंवर ती वारंवार येतात, ही अक्षरजोडी येत नाही. आज बहुतेक अभ्यासक हा तर्क स्वीकारत नाहीत. डाळिंबाचंही असंच होऊ शकतं: सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने डाळिंब आपलं वैयक्तिक चिन्ह केलं होतं, म्हणून त्याच्या चित्रातलं डाळिंब संततीआधी सत्तेबद्दल बोलतं. चित्र कोणासाठी होतं हे कळल्यावर यादीतला पहिला अर्थ तिसऱ्या नंबरवर जाऊ शकतो.

तुमच्या हातातल्या चित्राला हे लावताना

सगळ्यात जास्त घोळ होतो तो काळाचा. फुलांच्या अर्थांच्या ज्या याद्या सगळीकडे फिरतात, त्यांचं मूळ बहुतांशी एकोणिसाव्या शतकात आहे. पॅरिसमध्ये 1819 मध्ये निघालेल्या एका पुस्तकानंतर त्यांची लाट आली. तिथले अर्थ प्रेमपत्रांसाठी आणि गुच्छांसाठी बनवलेले होते. ते 1500 च्या पडद्याला लावणं म्हणजे तीनशे वर्षं मागे जाऊन कोणाच्या तोंडी शब्द घालणं. यादी वापरण्याआधी ती कोणत्या सालची आणि कोणत्या देशाची ते बघा. चित्राच्या जवळपास पन्नास वर्षांतला, त्याच भागातला लेखी किंवा चित्रित आधार मिळाला तरच अर्थ 'पक्का' म्हणा.

लिहिताना तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. 'ऑर्किड प्राण्याच्या अंगासमोर आहे' हे दिसतं. 'ऑर्किडचा संबंध त्या काळी प्रजननाशी जोडला जाई' याला लेखी आधार आहे. 'म्हणून हे चित्र विवाहाचं आहे' हा तुमचा निष्कर्ष, आणि तो एकट्या ऑर्किडवर उभा करू नये. निदान तीन वेगवेगळ्या तपशिलांनी त्याला टेकू द्यावा, आणि त्यातला एक तरी वनस्पतींच्या बाहेरचा असावा. इथे तो सैल साखळीचा, बेडकाचा आणि अक्षरांचा आहे.

चित्रकार आज हयात असेल तर काम सोपं होतं आणि अवघडही. विचारता येतं, पण त्याने फूल नुसतं रंग जुळला म्हणून घेतलं असेल, तेही उत्तर मान्य करावं लागतं. आणि निष्कर्षाला आडवा येणारा तपशील वहीतून खोडू नका. या पडद्यातलं थिसल तिन्ही बाजूंना ओढता येतं, म्हणून ते कोणत्याच बाजूच्या पुराव्यात मोजायचं नाही. वहीत त्याच्यापुढे तिन्ही अर्थ लिहून रकाना उघडा ठेवायचा.